पाचपैकी एक

नोल्फा चिग्वायला समितीवर घेतलं ते तिच्या सहीमुळे.

प्रांताच्या संशोधन निधीचे नियम बदलले. सरकारी पैशांतून चालणाऱ्या संशोधनाचा लोकांना काय उपयोग होणार, हे ठरवायला प्रत्येक समितीत एक तरी सामान्य माणूस हवा, असं वरून आलं. पुएर्तो मॉन्टच्या कचेरीतली मिर्ता नावाची कारकून मग जुन्या फायली काढून बसली. कुणाला बोलवावं ते तिला सुचेना. फायलींत समुद्राचे प्रस्ताव होते, शेवाळाचे होते, बटाट्याच्या रोगाचे होते, आणि जवळजवळ प्रत्येकाला मागे गावकऱ्यांच्या पाठिंब्याचं पत्र टाचलेलं होतं. त्यातल्या एकतीस पत्रांखाली एकच सही होती. नोल्फा चिग्वाय, सचिव, मच्छीमार संघटना, किंचेल. मिर्ताला वाटलं, संशोधनाची इतकी हौस असलेली बाई आपल्याला दुसरी कुठे सापडणार?

तिचा फोन आला तेव्हा नोल्फा अंगणात समुद्रातलं शेवाळ वाळायला पसरत होती.

"तुम्हाला आवड आहे ना?" मिर्तानं विचारलं.

"कशाची?"

"संशोधनाची."

"राग आहे," नोल्फा म्हणाली. "राग चालतो का?"

मिर्ता हसली. तिला ती थट्टा वाटली. तिनं नाव लिहून घेतलं, बोटीचं आणि बसचं तिकीट पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला.

किंचेलमध्ये नोल्फाचा राग सगळ्यांना ठाऊक होता. ती एकसष्ट वर्षांची, विधवा, बुटकी, रुंद खांद्यांची. अठरा वर्षं तिनं संघटनेचं सचिवपद सांभाळलं होतं. विद्यापीठाची माणसं यायची ती पत्र टाइप करूनच आणायची. 'आमचा समाज या संशोधनाचे मनःपूर्वक स्वागत करतो' अशी सुरुवात असायची. नोल्फा एका हातानं बटाट्याचे मिल्काओ तळत असायची, दुसऱ्या हातानं शिक्का मारायची. वाचायला कुणाला वेळ होता? माणसं चांगली असायची. बूट दाराबाहेर काढून आत यायची, दिलेलं सगळं खायची, पोरांना पेन्सिली वाटायची. एकदा गेली की परत दिसायची नाहीत. त्याचंही कुणाला फारसं काही वाटत नव्हतं.

मग धक्क्यावर दिवा आला.

राजधानीतल्या एका विद्यापीठानं तो बसवला. आमच्याकडे उन्हाळ्यात समुद्राला विष चढतं, आम्ही त्याला लाल भरती म्हणतो, पण पाणी दरवेळी लाल दिसतंच असं नाही. शिंपल्या ते विष पोटात घेतात, आणि त्या खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग हात, मग छाती. शिजवून काही फरक पडत नाही. विद्यापीठाची माणसं दर सोमवारी शिंपल्या तपासायला न्यायची आणि तिकडूनच दिव्याचा रंग बदलायची. हिरवा असला तर खा, पिवळा असला तर थांबा, लाल असला तर हात लावू नका. सात महिने हे अगदी बिनबोभाट चाललं. सहाव्या महिन्यात एक मुलगी लाभ मिळाल्याचा दाखला घेऊन आली. किंचेलच्या एकशे चाळीस कुटुंबांना लाभ झाला, असं त्यात लिहिलं होतं. नोल्फानं शिक्का मारला. त्यानंतर महिन्याभरात प्रकल्पाची मुदत संपली आणि सोमवारी येणारी माणसं यायची थांबली. हे कुणी येऊन सांगितलं नाही. दिवा चालूच होता, त्याला सूर्यावर चालणारी पाटी होती. शेवटच्या सोमवारी तो हिरवा होता, तसाच हिरवा राहिला.

मार्चमध्ये तिचा दीर एलादिओ त्या हिरव्या दिव्याखालच्या खडकावरून बादलीभर शिंपल्या काढून घरी घेऊन गेला. दुपारपर्यंत त्याला उभं राहता येईना. आरमाराच्या बोटीनं त्याला कास्त्रोच्या इस्पितळात नेलं. तीन दिवस यंत्र त्याचा श्वास घेत होतं.

तो वाचला. महिन्याभरानं किंचेलला आला आणि सरळ नोल्फाच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"वहिनी, त्या एकशे चाळीस कुटुंबांत माझं धरलं होतंस का?"

त्यानंतर सहा वर्षं एलादिओ तिच्याशी एक शब्द बोलला नाही. भावाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही तो चर्चच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. नोल्फानं शिक्का संघटनेला परत केला आणि सचिवपद सोडलं.

अशी ही बाई समितीवर गेली.

खोली चौथ्या मजल्यावर होती. पाच खुर्च्या, चौदा प्रस्ताव, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. नोल्फाच्या बाटलीशेजारी एक वही जास्तीची ठेवली होती, अवघड शब्दांचे अर्थ दिलेली. अध्यक्ष डॉक्टर गिदो श्वेर्टर, हिमनद्यांवर आयुष्य काढलेला साठीचा उंच माणूस. त्याचे आजोबा जर्मन, पण तो स्वतः ओसोर्नोचा, आणि बोलणं अगदी ओसोर्नोच्या जमीनदारासारखं. बाकीचे तिघंही प्राध्यापक. विज्ञानाला सत्तर गुण, सामाजिक लाभाच्या पानाला तीस, आणि त्या तिसांतले निम्मे नोल्फाच्या हातात. एक ते पाच लिहायचे, बस.

पहिल्या प्रस्तावाला तिनं एक दिला. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला एक. चौथ्याच्या वेळी श्वेर्टरनं चष्मा काढला.

"बाई, पाचही देता येतात. सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय."

"मग हा एकच आकडा येतो का तुम्हाला?"

बाकीचे हसले. नोल्फानं कागद पुढे सरकवला. "यात लिहिलंय, किनाऱ्यावरच्या लोकांचं जीवनमान सुधारेल. कुठल्या किनाऱ्यावरचे लोक? त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगा."

"अहो, तसं नावानिशी कुणी लिहीत नाही."

"कुठल्या महिन्यात सुधारेल?"

"बाईसाहेब," श्वेर्टर म्हणाला, आणि त्या 'साहेब'मध्ये त्यानं जे काही घातलं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं, "ते पान कसं लिहितात ते मी तुम्हाला सांगतो. संशोधन लिहून झालं की शेवटच्या दिवशी, जेवणाआधी. सगळेच लिहितात. मीही लिहितो. ते पान कुणी खरं मानत नाही."

"मी मानलं होतं," नोल्फा म्हणाली.

श्वेर्टरनं चष्मा पुन्हा चढवला. पाचवा प्रस्ताव काढला.

त्या दिवशी तिनं चौदांपैकी अकरांना एक दिला, दोघांना दोन. चार फक्त एकाला दिले. तो मेंढ्यांच्या उवांवरचा होता. त्यात लिहिलं होतं की लेमुय बेटावरच्या दोन पशुसेवकांना उवा ओळखायला शिकवू, आणि त्या दोघांची नावं होती, त्यांचा पगार नगरपालिका पुढेही देत राहील असं महापौराचं तारीख घातलेलं पत्र होतं. श्वेर्टर म्हणाला, विज्ञान म्हणून हा प्रस्ताव अगदी सुमार आहे. नोल्फा म्हणाली, ते तुमच्या सत्तरांत बघा. हिमनदीतल्या हवेच्या बुडबुड्यांचा एक प्रस्ताव होता, श्वेर्टरच्या जुन्या विद्यार्थ्याचा. त्यामुळे चाळीस हजार लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटेल असं लाभाच्या पानावर होतं. तिनं एक दिला आणि तो प्रस्ताव पडला. दुपारच्या जेवणाला तिच्या टेबलावर कुणी बसलं नाही. तिनं एकटीनं मासा खाल्ला, काटे नीट बशीच्या कडेला लावले.

एक लिहिताना तिला बरं वाटायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पेन घट्ट धरून ती उभी रेघ ओढायची आणि बोटीत बसल्यावर ती रेघ आठवून पुन्हा बरं वाटायचं. गेल्या पाच वर्षांत तिला इतकं बरं कशानंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सोळा प्रस्ताव आले. अकरावा उघडला आणि तिला किंचेलचं नाव दिसलं.

प्रस्ताव येसेनिया नावेलकीनचा होता. येसेनिया आमच्याच बेटाची, पलीकडच्या खाडीतल्या होडी बांधणाऱ्याची मुलगी. शिकून डॉक्टर झाली होती, लाल भरती आणणाऱ्या विषारी शैवालावरच तिचा अभ्यास होता. अकरा खाड्यांच्या धक्क्यांवर लाल भरतीचे दिवे बसवायचे, स्वस्तातले, नव्या पद्धतीचे. प्रत्येक खाडीतल्या एका बाईला नमुने गोळा करायला शिकवायचं, तीन वर्षं तिला पगार द्यायचा. किंचेलसाठी जिचं नाव होतं ती एलादिओची सून होती. मागे पाठिंब्याचं पत्र होतं. 'आमचा समाज या संशोधनाचे मनःपूर्वक स्वागत करतो.' खाली नव्या सचिवाची सही होती, शिक्का तोच.

प्रस्ताव गुप्त ठेवायचे असतात, आणि नोल्फानं तोंडातून शब्द काढला नाही. पण किंचेलमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण पत्र त्यांनीच दिलं होतं. नावाडी तिच्याकडून भाडं घेईना. शेजारीण लोणी आणून द्यायला लागली. नोल्फानं भाडं नावेच्या फळीवर ठेवलं आणि लोणी परत पाठवलं.

शनिवारी सकाळी एलादिओ आला. यावेळी तो आत आला. टोपी काढून चुलीजवळच्या बाकावर बसला. नोल्फानं चहा पुढे केला, तो त्यानं घेतला.

"वहिनी, यावेळी नीट दे."

"भाऊजी, मला बोलता येत नाही त्याबद्दल."

"तू नको बोलूस. मी बोलतो. पोरगा दक्षिणेला सॅल्मन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर कामाला आहे, महिन्यातून चार दिवस येतो. सुनेला इथे काम मिळालं तर घर राहील."

"सहा वर्षांनी तोंड उघडलंत ते यासाठी?"

"कशासाठी उघडायला हवं होतं?"

"त्याच दिव्यानं तुम्हाला..."

"तो दिवा परक्यांचा होता," एलादिओ म्हणाला. "हा आपल्या पोरीचा आहे."

"दिव्याला कळतं का ते, कोण आपलं आणि कोण परकं?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुला माझी काळजी कधी नव्हती. तेव्हा शिक्का मारलास तो बघितल्याशिवाय, आता अडवशील तो बघून बघून. दोन्ही वेळा मरायचं आम्हीच." टोपी घालून तो निघून गेला. चहा अर्धा तसाच राहिला.

नोल्फानं तो प्रस्ताव चार वेळा वाचला. अर्थ सांगणारी वही शेजारी घेऊन वाचला. शाळांमध्ये व्याख्यानं होती, स्त्रियांचा सहभाग होता, देशी भाषेत पत्रकं होती, फोनवरून सूचना होती. तिला हवं होतं ते कुठेच नव्हतं. समितीच्या सदस्याला अर्जदाराला एक लेखी प्रश्न विचारता येतो. तिनं मिर्ताकरवी विचारला, 'एखाद्या आठवड्यात तपासणी झाली नाही, बातमी आली नाही, तर दिवा काय दाखवेल?'

उत्तर आलं चार पानांचं. समाजाशी सतत संवाद राहील. स्थानिक ज्ञानाचा आदर राखला जाईल. प्रकल्पानंतर उपकरणं समाजाच्या मालकीची होतील. दिव्याबद्दल एक ओळ नव्हती.

बैठकीत तिनं आधीच सांगून टाकलं, "हे माझं गाव आहे. माझ्या दिराच्या सुनेला यात काम मिळणार आहे. मी बाहेर बसते."

श्वेर्टरनं नियमांचं पुस्तक उघडलं. तो खुशीत होता. "दिराची सून नियमात बसत नाही. तुम्हाला बाहेर जाता येणार नाही. बघूया, आज तरी पाचाचा आकडा लिहिता येतो का."

त्याला काय हवं होतं ते तिला कळलं. तिनं पाच दिले की तो म्हणणार होता, बघा, स्वतःच्या गावाला बरे दिले. बाकीच्यांनी चार आणि पाच लिहिले होते. विज्ञान उत्तम होतं, ते तिलाही दिसत होतं.

तिनं एक लिहिला.

श्वेर्टरनं कागद हातात घेतला. "हा तर खरोखरच लोकांच्या कामाचा आहे. यात नावं आहेत. खाड्या आहेत. महिने आहेत. तुम्हीच मागत होतात."

"आज तुम्ही ते पान खरं मानायला लागलात?"

"तुम्हाला कुणाचंही बरं झालेलं बघवत नाही," तो म्हणाला. यावेळी तो बाईसाहेब म्हणाला नाही.

"मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आलं नाही."

"चार पानं आली."

"हो ना, चार पानं आली."

सोळांपैकी दहा प्रस्तावांना पैसे मिळणार होते. येसेनियाचा अकरावा आला.

गुणांची यादी प्रांताच्या संकेतस्थळावर लागते, कुणी किती दिले त्यासकट. 'समाज प्रतिनिधी: १.' किंचेलमध्ये ती यादी कुणीतरी छापून चर्चच्या दाराला चिकटवली. नावाडी त्यानंतर तिला न्यायचाच बंद झाला. नाव भरलीय म्हणायचा, आणि नावेत तीन माणसं असायची. तिला दुसऱ्या धक्क्यापर्यंत दीड तास चालत जावं लागे. वाळत घातलेल्या शेवाळावर कुणी डुकरं सोडली. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं आणि ती बाहेर पडायच्या आधीच पुन्हा सुरू व्हायचं. एलादिओची सून मेमध्ये नवऱ्यामागे दक्षिणेला गेली आणि घराला फळ्या ठोकल्या. एलादिओ त्या फळ्या ठोकत असताना नोल्फा रस्त्यावरून चालली होती. त्यानं हातोडी थांबवली नाही.

जूनमध्ये येसेनिया आली. पाऊस होता, ती भिजून आली होती, आणि तिनं बूट काढले नाहीत.

"नोल्फा काकू, माझी चार वर्षं गेली त्यात."

"बस."

"बसायला नाही आले. मला फक्त कळू दे, का? माझ्या वडिलांनी तुमची होडी दुरुस्त केली आहे. मी तुमच्या घरी जेवले आहे. श्वेर्टरसारख्या माणसानं मला पाच दिले आणि तुम्ही एक?"

"मी विचारलं होतं, बातमी आली नाही तर दिवा काय दाखवेल."

"विझेल," येसेनिया म्हणाली.

नोल्फा चुलीत लाकूड घालत होती, ती तशीच वाकून राहिली.

"विझेल, दुसरं काय होणार? आठ दिवसांत नवा निकाल आला नाही की आपोआप विझतो. तशीच रचना आहे. एलादिओ काकांचं झालं तेव्हा मी कॉलेजात होते. हे सगळं मी सुरूच त्यासाठी केलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कुठे लिहू? लाभाच्या पानावर? दिवा विझतो हा काय लाभ झाला? आम्हाला शिकवलंय काय लिहायचं ते. संवाद, सहभाग, शाळा, स्त्रिया. तुमचा प्रश्न आला तेव्हा विद्यापीठात अर्ज तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, समाज प्रतिनिधीचा प्रश्न आहे, म्हणजे त्यांना विश्वासात घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. चार पानं त्यांनीच लिहिली."

"मी तुला साधा प्रश्न विचारला होता, पोरी. एका शब्दात उत्तर होतं."

"आणि तुमच्याकडे फोन होता," येसेनिया म्हणाली. "माझ्या वडिलांचा नंबर तुम्हाला पाठ आहे."

"नियमात नाही बसत."

"नियम." येसेनियानं दार उघडलं. पाण्याचा झोत आत आला. "तुम्हाला दिव्याचं काही पडलं नव्हतं. तुम्हाला शिक्षा करायची होती. ज्यांना करायची होती ते कधीच निघून गेलेत, मग मी सापडले."

तिच्या मागे जावं असं नोल्फाला वाटलं, पण गेली नाही. लाकूड ओलं होतं, धूर भरला, डोळे चोळत ती बाकावर बसून राहिली. ती पोरगी म्हणाली त्यातलं किती खरं, हे तिला माहीत होतं. ती उभी रेघ ओढताना पेन किती घट्ट धरलं होतं ते तिच्या बोटांना आठवत होतं. माफी मागावी असं तिच्या मनात आलं आणि लगेच रागही आला, की एक शब्द लिहायला हिला काय झालं होतं? दोन्ही गोष्टी तिच्या पोटात एकाच वेळी राहिल्या. पुढेही राहिल्या.

येसेनियानं तोच प्रस्ताव पुढच्या वर्षी आयसेन प्रांतात टाकला आणि तिथे तो पास झाला. आज तिचे अकरा दिवे तिकडच्या खाड्यांत आहेत. एका फेब्रुवारीत दरड कोसळून प्रयोगशाळेचा रस्ता नऊ दिवस बंद होता, तेव्हा सगळे विझले. लोकांनी दिव्यांना शिव्या घातल्या, पण शिंपल्यांना हात लावला नाही. ही बातमी किंचेलमध्ये पोचली तेव्हा ती नोल्फाला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात दुकानात सांगितली गेली.

तिसऱ्या, म्हणजे तिच्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी नोल्फानं समितीपुढे मागणी केली की अर्जातच एक प्रश्न घाला. काम थांबलं किंवा संपलं तर मागे काय उरेल, आणि ते कोण बघेल?

"प्रत्येकाच्या भीतीसाठी एक रकाना काढला तर अर्ज दोनशे पानांचा होईल," श्वेर्टर म्हणाला.

समितीनं मागणी फेटाळली. पण अर्जाचा नमुना मिर्ता तयार करायची, आणि तिनं कुणाला न विचारता रकाना नऊच्या खाली नऊ-ब घातला. श्वेर्टरच्या लक्षात येईपर्यंत अर्ज भरून आले होते.

आलेल्या अठरा अर्जांपैकी बारांत नऊ-ब मध्ये एकच वाक्य होतं. 'प्रकल्प संपल्यावर उपकरणांची जबाबदारी स्थानिक समाज आनंदाने स्वीकारेल.' शब्दाला शब्द. कुणीतरी कुठल्यातरी विद्यापीठात ते लिहून सगळ्यांना वाटलं होतं.

यावेळी नोल्फानं नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अर्जदाराला फोन करू नये असं त्यात होतं. पाठिंब्याचं पत्र देणाऱ्याला करू नये असं कुठेच नव्हतं. तिनं एकेक पत्र पुढे घेतलं आणि खालचे नंबर लावले.

"तुमच्या धक्क्यावर पाणी मोजायचं यंत्र बसणार आहे. ते तुम्ही आनंदानं सांभाळणार ना?"

"कसलं यंत्र?" पलीकडचा माणूस म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी सही करणारा वारला होता. तिसऱ्या ठिकाणची बाई चिडली, "तुम्हाला काय करायचंय? शाळेला संगणक देणार म्हणालेत, तेवढं पुरे आम्हाला." एका म्हाताऱ्यानं मात्र नीट सांगितलं. हो, यंत्र आपल्या गोठ्यात राहील, तार आपला भाचा बघेल, त्याला ते काम येतं. त्या प्रस्तावालाच नोल्फानं पाच दिले. तीन वर्षांत तिनं दिलेले तेवढेच पाच.

फोनांची तक्रार श्वेर्टरनं प्रांताकडे केली. गुप्ततेचा भंग झाला का, यावर दोन बैठका झाल्या, ठरलं काहीच नाही. तिला एक पत्र आलं, तिच्या अमूल्य सहभागाबद्दल आभार मानणारं, आणि त्यात पुढच्या मुदतीचा उल्लेख नव्हता. शेवटच्या बैठकीनंतर जिन्यात श्वेर्टर भेटला. तिनं वाट दिली नाही, त्यानंही दिली नाही. मग कोट सावरत तोच बाजूला झाला.

"माझ्या विद्यार्थ्यानं संशोधन सोडलं," तो म्हणाला. "तो बुडबुड्यांवाला. आता खाणींसाठी काम करतो."

"चाळीस हजार लोकांना पाणी देणार होता तो."

"तुम्ही कधी एक क्षण तरी विसरता का?"

"नाही," नोल्फा म्हणाली आणि खाली उतरली.

तिच्या जागी किन्चाओ बेटावरची एक शाळामास्तरीण आली. तिनं मिर्ताकडून नंबर मिळवला आणि रविवारी फोन केला. चांगली, मवाळ आवाजाची बाई होती. म्हणाली, सोळा प्रस्ताव आलेत, सगळेच किती छान लिहिलेत, गुण कसे द्यायचे तेच समजत नाही.

"पत्राखाली नंबर असतो," नोल्फा म्हणाली. "लाव. उचलतात का बघ."

"आणि उचलला तर?"

"तर विचार."

"पण लोकांना राग नाही का येणार?"

"येतो," नोल्फा म्हणाली. ओहोटी लागली होती आणि खडक उघडे पडायला लागले होते. तिनं फोन ठेवला, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले आणि शेवाळाची टोपली घेऊन एकटीच खाली गेली.